तिथी पाहून वाचायचा किनारा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत शाळेच्या भिंतीवर टांगायचे नकाशे अजूनही गुंडाळून ठेवलेले असतात. महाराष्ट्राचा नकाशा उलगडला की डाव्या हाताला डहाणूपासून रेडीपर्यंत एक काळी रेघ उतरत येते. अलीकडे जमीन, पलीकडे निळा रंग. परीक्षेपुरती ही रेघ पुरते. पण तोच किनारा फोनवरच्या नकाशात उपग्रहचित्राच्या थरावर पाहिला तर रेघ कुठेच सापडत नाही. तिच्या जागी एक पट्टा दिसतो. त्यात ओली वाळू असते, फेस असतो, उथळ पाण्याखालची खडपं असतात, खाडीकडे चिखल असतो. हा पट्टा कुठे दहा-वीस पावलांचा, तर कुठे खाडीच्या तोंडाशी चांगला ऐसपैस. तो वाचायचा कसा, त्यातला आनंद कुठे आणि फसगत कुठे, हे सांगण्यासाठी हा लेख. रसग्रहणाला समोर एक कृती लागते, म्हणून अख्ख्या कोकण किनाऱ्यातला एकच तुकडा घेतो: मालवणचं बंदर, सिंधुदुर्ग आणि तिथून दक्षिणेला देवबागच्या टोकापर्यंतची वाळूची पट्टी.

बुधवार पेठेत बसून नकाशा उघडला की तो आधी पेठच दाखवतो. हे बरंच आहे, ओळखीच्या जागेवर डोळा तयार होतो. दगडूशेठ गणपतीपासून तांबड्या जोगेश्वरीपर्यंतचा भाग वरून पाहिला तर गल्ल्या जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात ते पत्रे, निळ्या ताडपत्र्या, पाण्याच्या टाक्या आणि मधूनच एखाद्या तगून राहिलेल्या वाड्याची कौलं. तुळशीबागेतल्या राममंदिराचं शिखर खालून पाहताना मान दुखते. वरून ते जेमतेम एक ठिपका असतं. ते किती उंच आहे हे कळतं शेजारच्या छपरांवर पडलेल्या त्याच्या सावलीवरून. सावली ही या चित्रांतली फार कामाची गोष्ट आहे, पुढे मालवणात तिची गरज लागणार आहे.

पेठेवरून नकाशा सरळ पश्चिमेकडे नेला तर शंभरेक किलोमीटरवर रेवदंडा-कोर्लईच्या आसपास समुद्र लागतो. मालवण मात्र जवळजवळ थेट दक्षिणेला आहे, सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर. कोकण म्हणजे घाट उतरून पलीकडे, अशी आपली समजूत. बोटाने नकाशा ओढताना ती पहिल्यांदा सैल होते.

मालवणवर आलात की आधी नावं बंद करा. हॉटेलं, स्कूबा डायव्हिंग, होमस्टे, सेल्फी पॉइंट यांच्या गर्दीखाली चित्र गुदमरलेलं असतं. नावं गेली की उजवीकडे जमिनीवर माडांचा गडद हिरवा, त्यामागे जांभ्या दगडाच्या सड्यांचा तांबूस करडा, आणि डावीकडे समुद्र. या समुद्राकडे नीट पाहा. किनाऱ्यालगत काही अंतरापर्यंत त्याच्यावर लाटांच्या सुरकुत्या आहेत, होड्यांचे पांढरे शेपटे आहेत. मग एके ठिकाणी, कात्रीने कापावं तशा सरळ कडेवर, हे सगळं संपतं आणि गुळगुळीत निळा रंग सुरू होतो. गूगलच्या नकाशात तो बाहेरचा निळा समुद्र म्हणजे फोटो नसतोच. समुद्रतळाच्या खोलीच्या आकड्यांवरून तो रंगवलेला असतो. खरा समुद्र फक्त किनाऱ्याला चिकटलेल्या पट्टीत. शिवाय आपण जवळ जात जातो तसा पायरीपायरीवर दिवसही बदलतो. दुरून दिसतं ते अनेक वर्षांच्या चित्रांतले ढग गाळून शिवलेलं गोधडीचं कापड. जवळ गेल्यावर त्याच्या जागी एखाद्याच सकाळचं बारीक चित्र येतं. दोन सकाळी जिथे शेजारी बसवल्या आहेत, तिथे समुद्राचा रंग एका रेषेवर हिरव्याचा निळा होतो. नवख्या माणसाला ही चूक वाटते. मला तो चित्राचा प्रामाणिकपणा वाटतो. हे शिवलेलं आहे, असं ते स्वतःच सांगतं.

कर्त्यांची नावं चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत असतात. ती वाचावीत, कारण चित्राचा स्वभाव त्यांच्यावर ठरतो. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला. या मालिकेचं ३० मीटरच्या चौकटीचं चित्र १९८०च्या दशकापासून मिळतं आणि २००८पासून ते सर्वांना फुकट आहे. भारताचा आयआरएस-१ए १९८८चा. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला २०१५चा, दुसरा २०१७चा; या मालिकेतली जोडी मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते आणि तिची चौकट १० मीटरची. म्हणजे तारकर्लीतलं एक कौलारू घर आणि त्याचं अंगण मिळून एक ठिपका. गूगल अर्थ २००५ला आलं, इस्रोचं 'भुवन' २००९च्या ऑगस्टात. त्याआधी बराच काळ किनाऱ्यालगतच्या ८० किलोमीटर पट्ट्यातले तपशीलवार सर्वेक्षण-नकाशे 'प्रतिबंधित' असत, साध्या माणसाला ते सहजासहजी मिळत नसत. ज्या किनाऱ्याचा नकाशा मागायला अर्ज करावा लागे, त्याच्या घराघराची कौलं आज कुणीही मोजावीत. हा पालट एका पिढीत झाला.

आता सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४च्या नोव्हेंबरात बांधकाम सुरू झालं, १६६७ला पूर्ण झालं. होडीतून जाताना किल्ला एक सलग काळी भिंत वाटतो. वरून पाहिलं की भिंतीला एक क्षणही सरळ राहणं मान्य नाही, असं दिसतं. ती आत शिरते, बाहेर येते, बुरुजाला वळसा घालते, पुन्हा आत शिरते. सुमारे ४८ एकरांभोवती जवळपास तीन किलोमीटरचा तट आहे, तो या वळणांमुळे. खालून जे संरक्षणशास्त्र पुस्तकात वाचून पटवून घ्यावं लागतं, ते इथे एका नजरेत पटतं: तटाला कुठूनही भिडलात तरी बाजूच्या वळणावरून तुमच्यावर मारा होणार. मुख्य दरवाजा तर वरूनही चटकन सापडत नाही. बुरुजांच्या कुशीत तो इतका दडलेला आहे. तो शोधायची युक्ती म्हणजे होड्या पाहायच्या. तटाच्या शहराकडच्या अंगाला पांढऱ्या टिकल्यांसारख्या होड्या जिथे गोळा झालेल्या दिसतात, तीच वाट. साडेतीनशे वर्षांपूर्वीची लपवाछपवी आणि आजचे पर्यटक एकाच चौकटीत येतात ते असे.

तटाबाहेरचं पाणी वाचण्यात खरी मजा आहे. पश्चिमेकडे, खुल्या समुद्राच्या अंगाला, फेसाची जाड कड आहे. लाटांच्या रांगा बेटापाशी येतात, दोन्ही बाजूंनी वाकतात आणि मागे शहराच्या बाजूला पोचेपर्यंत विरून जातात. पूर्वेचं पाणी सपाट, शांत. मालवणला बंदर का झालं, या प्रश्नाचं उत्तर असं पाण्यावरच लिहिलेलं आहे. किल्ल्याभोवती पाण्याखाली गडद डाग दिसतात, ती खडपं. नवखं गलबत इथे फुटायचं आणि वाटाड्या कोळी मात्र बिनधोक न्यायचा, ते याच डागांमधल्या फटींतून. यातले सगळेच डाग खडकाचे नाहीत. काही प्रवाळांचे असतील, काही समुद्री शैवालाचे. १९८७ला इथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य जाहीर झालं ते त्यांच्यामुळे. दहा मीटरच्या ठिपक्यात हा फरक कळत नाही आणि कळतो असा आव आणू नये. सिंधुदुर्ग आणि मुख्य किनारा यांच्यामध्ये पद्मगडाचं छोटं बेट आहे. ओहोटीला तिथे वाळूवरून चालत जाता येतं. काही चित्रांत ही वाळूची वाट फिकट पिवळी दिसते, काहींत तिथे फक्त पाणी.

दक्षिणेकडे सरका. तारकर्ली संपते आणि देवबागची पट्टी सुरू होते. कर्ली नदी सह्याद्रीतून पश्चिमेकडे येते, समुद्र हाकेच्या अंतरावर येतो आणि नेमकी तिथे ती दक्षिणेला वळते. समुद्राला समांतर, मध्ये फक्त वाळूचा एक लांबट दांडा ठेवून ती काही किलोमीटर जाते आणि भोगव्यासमोर समुद्राला मिळते. तो दांडा म्हणजे देवबाग. लाटा-प्रवाहांनी वाळू आणून टाकायची, नदीने ती ढकलायची, या ओढाताणीत असे दांडे तयार होतात. कोकणातल्या अशा भूरूपांवर पुण्याच्याच डॉ. श्रीकांत कार्लेकरांनी मराठीतून भरपूर लिहिलं आहे. त्यांचं लेखन वाचून मग हे चित्र पाहावं, किंवा उलट करावं, दोन्ही फायद्याचं.

या दांड्याची रचना एखाद्या चांगल्या ओवीसारखी घट्ट आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे नुसती नजर फिरवा: फेसाची पांढरी कड, ओल्या वाळूचा तपकिरी, कोरड्या वाळूचा जवळजवळ पांढरा, मग सुरूची झाडं आणि माड, मग कौलं, पुन्हा माड, मग चिखल आणि कांदळवनाचा काळपट हिरवा, मग खाडीचं संथ पाणी. काहीशे मीटरांत समुद्र, गाव आणि नदी. एका बाजूच्या पाण्यावर सुरकुत्या, दुसऱ्या बाजूचं आरशासारखं. आणि या दोन पाण्यांच्या मधोमध माणसं घरं बांधून राहिलेली. पश्चिमेच्या कडेला काही ठिकाणी वाळूऐवजी करड्या दगडांची रेघ दिसते. ते धूपप्रतिबंधक बंधारे. रत्नागिरीजवळ मिऱ्याला अशीच रेघ फार ठळक आहे. अख्ख्या चित्रात सरळ रेघा काय त्या एवढ्याच, आणि त्या भीतीने ओढलेल्या.

माडांच्या सावल्या पाहिल्या का? त्या लांब असतील आणि उत्तरेकडे झुकलेल्या असतील तर चित्र डिसेंबर-जानेवारीचं. सावली झाडाच्या बुंध्याशीच गोळा झाली असेल तर एप्रिल-मे; मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी मालवणच्या थेट डोक्यावर येतो. सावली कधीच पूर्वेकडे पडलेली दिसणार नाही, कारण ही चित्रं घेणारे बहुतेक उपग्रह सूर्याशी वेळ बांधून फिरतात. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट दोघेही कोकणावर येतात ते आपल्या घड्याळात सकाळी अकराच्या आगेमागे. महिना कुठलाही असो, नकाशातल्या मालवणात सदा अकराच वाजलेले असतात.

इथे पंचांग हातात घ्यायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आडाखा कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. गावागणिक थोडं मागेपुढे, पण आडाखा चालतो. आता उपग्रहाचे अकरा आणि हा आडाखा शेजारी ठेवा. पौर्णिमेच्या चित्रात भरती, तीही उधाणाची, ऐन भरात असणार. अष्टमीच्या चित्रात ओहोटी असणार, पण ती भांगाची, म्हणजे पाणी फारसं न हटणारी. आणि उधाणाची खोल ओहोटी, जेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी न दिसणारी खडपं उघडी पडतात? ती पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास येते. अकराला येणाऱ्या उपग्रहाला ती कधीही दिसत नाही. हजारो चित्रं जमली तरी त्यांत किनाऱ्याचं सगळ्यात उघडं रूप नसतं. कालवं काढायला खडपावर उतरणाऱ्या बाईला ते दर पंधरवड्याला दिसतं.

दुसरी उणीव पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर कोकणावर ढग. साध्या प्रकाशात टिपणारे उपग्रह चार महिने आंधळे होतात. रडारने ढगांपार पाहणारे उपग्रह आहेत, पण त्यांची करड्या ठिपक्यांची चित्रं लोकांच्या नकाशात सहसा येत नाहीत. परिणाम असा की नकाशातलं कोकण कायम पर्यटनाच्या हंगामातलं. पुळणीवरची वाळू समुद्र ओढून नेतो ती याच चार महिन्यांत, वर्षातली दिवसाची मोठी उधाणं येतात ती याच दिवसांत. हिवाळ्यात मोठी भरती मध्यरात्रीकडे सरकते. नाटकाचा मुख्य अंक चालू असताना पडदा खाली, आणि उघडल्यावर ऑक्टोबरात दिसतात नद्यांच्या मुखांशी पसरलेले गढूळ पाण्याचे पंखे. ऑक्टोबरची पहिली निरभ्र चित्रं म्हणूनच सगळ्यात बोलकी. पेठेतल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. आपल्या मुठेला भरती येते ती खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर, आणि तिची मोजपट्टी म्हणजे भिडे पूल.

आता जुनी चित्रं दाखवणारी वर्षांची पट्टी मागेपुढे करा. देवबागचं टोक कधी आत वळलेलं, कधी बाहेर. खाडीतले वाळूचे पुंजके जागा बदलणारे. खाडीच्या तोंडाशी एक वाळूचं बेट आहे, लोक त्याला 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर ते वर आलं, असं सांगितलं जातं. पर्यटकांना तिथे होडीने नेतात आणि भरतीला गुडघाभर पाण्यात उभं करतात. दोन वर्षांची दोन चित्रं घेऊन 'इथे बेट नाही, इथे आहे' असा निवाडा करण्याचा मोह इथे हटकून होतो. पण भरतीला बुडणारं बेट एका चित्रात असणं आणि दुसऱ्यात नसणं, यामागे नुसता तिथीचा फरक असू शकतो. मध्ये ना वादळ, ना त्सुनामी. तुलना करायची तर महिना तोच हवा, तिथी तीच हवी, ठिपक्याचा आकारही तोच हवा. एवढं पथ्य पाळलं की मग जो बदल उरतो तो खरा.

रंगांचीही एक अदलाबदल करून पाहण्यासारखी आहे. काही नकाशांत अवरक्त किरणांचा थर असतो. डोळ्याला न दिसणारा तो प्रकाश लाल रंगात दाखवला की जिवंत झाडोरा लाल होतो. कर्लीच्या काठची कांदळवनं गडद, ओलसर लाल; माडांच्या बागा जरा फिक्या; पाणी जवळजवळ काळं. साध्या रंगात हिरव्यात हिरवं मिसळून गेलेलं कांदळवन इथे वेगळं उठून येतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ला कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातल्यानंतर त्यांच्या हद्दी ठरवायला अशीच चित्रं उपयोगी पडली. महाराष्ट्रात आज सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास कांदळवन उरलं आहे, हा आकडाही उपग्रहावरूनच निघतो.

रसग्रहणात दोषही सांगायचे असतात. हे चित्र फार देखणं आहे, हाच त्याचा मोठा दोष. त्यात वास नाही, वारा नाही, रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा घाम नाही. घर पडलेलं आणि घर दुरुस्तीला काढलेलं, वरून सारखंच. ते अकराला येतं, निरभ्र दिवशी येतं आणि आपल्याला वाटतं की आपण किनारा पाहिला.

तरीही रेघेपेक्षा ते कितीतरी खरं आहे. पुरावा हवा तर आकडेच पाहा. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर. केंद्र सरकारच्या जुन्या तक्त्यात ६५२.६. अलीकडच्या फेरमोजणीत ८७७.९७. भारताचा किनारा याच फेरमोजणीत ७,५१६.६ किलोमीटरवरून ११,०९८.८१वर गेला. समुद्राने काही दिलं-घेतलं नाही. आधी १ सेंटीमीटरला ४५ किलोमीटर या प्रमाणावर मोजलं होतं, आता १ सेंटीमीटरला अडीच किलोमीटरवर. बारकाईने पाहिलं की खाड्या आणि वळणं हिशेबात आली आणि किनारा लांबला. आणखी बारीक पाहिलं तर आणखी लांबेल.

हे सगळं नुसतं हौसेचं असतं तर इथेच थांबलो असतो. पण किनारा नियमन क्षेत्राचा कायदा, १९९१चा, २०११चा आणि आताचा २०१९चा, उभाच आहे उच्चतम भरती रेषेवर. उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं ती ही रेषा. तिच्यापासून ५०० मीटर मोजायचे, मग त्यात बांधकाम कुठे चालेल आणि कुठे नाही ते ठरतं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाची चित्रं ताडून पाहिली, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे ३४ टक्के किनारा धुपतो आहे, २७ टक्के वाढतो आहे आणि बाकीचा स्थिर आहे, असं निघालं. ज्या पट्ट्यात इतकी हालचाल आहे तिथे रेषा आखावी लागते, हे मान्य. पण ती कुठल्या महिन्याच्या, कुठल्या तिथीच्या पाण्यावरून आखली, हे विचारण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांना आहे, आणि कोकणात ज्यांचं घर, बाग किंवा नुसतं आजोळ आहे अशा पेठेतल्यांनाही आहे.

या कायद्याखालचे किनारा व्यवस्थापनाचे मसुदा नकाशे हरकतींसाठी खुले होतात. त्या वेळी आपल्या गावाचा तुकडा उपग्रहचित्रावर उघडा, चित्राची तारीख टिपून घ्या, पंचांगात तिची तिथी काढा आणि पाणी त्या वेळी कुठे असायला हवं याचा हिशेब करा. मसुद्यातली रेषा आणि तुमचा हिशेब जुळत नसेल, तर तारीख-तिथीसकट हरकत लेखी द्या. वीस मिनिटांचं काम आहे.